पाशा मुलाणींचं रडणं

दौंडात पाशाभाई मुलाणींना न ओळखणारा माणूस शोधून सापडला नसता, पण कोण म्हणून ओळखतात ते माणसागणिक बदलायचं. रेल्वेतल्या जुन्या लोकांना ते पार्सल ऑफिसातले क्लार्क म्हणून माहीत. पाटसच्या साखर कारखान्यावर ज्यांनी त्यांची नाटकं पाहिली, ते त्यांना मास्तर म्हणायचे. आणि बाजारातल्या भाजीवाल्या बायका, पाशाभाई पिशवी घेऊन आले की एकमेकींना कोपर मारून सांगायच्या, "ते बघ, सिरियलमधलं सासरं."

मूळचे ते शिरूरचे. वडील आठवडे बाजारात मीठ-मिरचीची पालं लावायचे, आणि पोराला गिऱ्हाइकांच्या नकला करायचा नाद. शाळेच्या संमेलनात त्याला पहिलं काम मिळालं ते म्हातारीचं. कुणी ते करायला तयार नव्हतं म्हणून मिळालं. पाशाभाईंचा चेहरा असा साधा, की त्यावर काहीही बसायचं. मिशी लावली की हवालदार, टोपी घातली की सरपंच, चष्मा नाकावर उतरवला की कंपाउंडर. सुंदर नटाला ही सोय नसते, असं ते स्वतःच म्हणायचे.

एकविसाव्या वर्षी रेल्वेत लागले आणि दौंडला आले. तिथं रेल्वेच्या लोकांचं एक सभागृह होतं. बाहेर रात्रंदिवस डबे आदळायचे, इंजिनं शिट्या मारायची, आणि आत त्यांच्या नाटक मंडळाच्या तालमी चालायच्या. या मंडळात पाटसचे कोंडिबा शितोळे होते. घरची शेती, नोकरी कारखान्याच्या वजनकाट्यावर, आणि उरलेला सगळा जीव नाटकात. नेपथ्य करायचे, दिवे लावायचे, प्रॉम्प्टिंगही करायचे. पाशाभाईंपेक्षा दहा वर्षांनी मोठे, म्हणून पाशाभाई त्यांना आप्पा म्हणत. "पुण्यामुंबईच्या बंगल्यातली नाटकं किती दिवस करायची? आपल्याकडं बंगला कुणी पाह्यलाय?" असं एकदा आप्पा म्हणाले, आणि पाशाभाई लिहायला लागले. फायरमनवर लिहिलं, उसाच्या गाडीवानावर लिहिलं. लिहायचे तेच, बसवायचे तेच, आणि ज्या कामाला माणूस मिळाला नाही ते कामही तेच करायचे.

ही सगळी नाटकं पहिल्यांदा ऐकली ती त्यांच्या बायकोनं. तिचं नावच बेगम. माहेर यवतचं. पाशाभाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून आपली वाक्यं म्हणायचे आणि बेगम भाकऱ्या थापता थापता बाकीच्या सगळ्यांची वाक्यं वाचायची. सासू असो, फौजदार असो, सगळे एकाच आवाजात, स्टेशनवरची गाडीची घोषणा करावी तसे. नाटक बघायला मात्र ती क्वचित यायची. पाठच झालंय, बघायचं काय, म्हणायची.

त्र्याण्णव साली पुण्यातल्या एका स्पर्धेत त्यांनी फाटकवाल्याचं नाटक केलं. रेल्वेचं फाटक बंद होणार आणि तिथला म्हातारा रखवालदार जागा सोडायला तयार नाही, एवढीच गोष्ट. त्रेचाळीस वर्षांच्या पाशाभाईंनी पंचाहत्तरीचा म्हातारा असा काही केला, की निकालानंतर परीक्षक मागं येऊन विचारायला लागले, ते आजोबा कुठं गेले. लेखनाचं, दिग्दर्शनाचं आणि अभिनयाचं, तिन्ही बक्षिसं दौंडला आली. त्याच प्रयोगाला एक सिरियलवाला बसला होता. तीन-चार वर्षं रजा टाकून टाकून पाशाभाईंनी मुंबईची कामं केली आणि मग सत्त्याण्णवला रेल्वेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली.

तिथंही तेच. हवालदार, सरपंच, वकिलाचा कारकून, देवळातला पुजारी. एकदाच मुसलमानाचं काम आलं. दोन ओळी म्हणून झाल्यावर दिग्दर्शक म्हणाला की तुमची भाषा फार मराठी वाटते, आणि ते काम दुसऱ्या कुणा जोशांना गेलं. बेगम ही गोष्ट ज्याला त्याला सांगायची आणि सांगताना पदर तोंडाला लावून हसायची.

मग एका लांबलचक सिरियलमध्ये त्यांना सासऱ्यांचं काम मिळालं. तोंडाळ, कंजूष, पण आतून मऊ. ते चाललं. तिथल्या लेखकांना गावाकडच्या माणसाचं बोलणं जमत नाही म्हणून संवादही हळूहळू पाशाभाईच लिहायला लागले. महिन्यातले पंधरा-वीस दिवस मुंबई, उरलेले दौंड. मुलगी नाझिया डी.एड. होऊन शिक्षिका झाली होती. तिचं लग्न एवढं झालं की मोकळे झालो, असं नवरा-बायको म्हणत.

दोन हजार एकच्या फेब्रुवारीत बेगम भांडी घासता घासता डोकं धरून खाली बसली ती उठली नाही. दौंडच्या डॉक्टरांनी पुण्याला न्यायला सांगितलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. पाशाभाई शूटिंग सोडून आले तेव्हा ती बोलत नव्हती, पण डोळे उघडायची. दुसऱ्या दिवशी तिचे पाय गार पडायला लागले. पाशाभाईंनी तळवे हातांनी चोळून बघितले, ऊब येईना. तेव्हा त्यांनी पायातले बूट काढले, स्वतःचे काळे मोजे काढले, आणि ते तिच्या पायांत चढवले. मोजे मोठे होते. वरची कड दोनदा दुमडून त्यांनी नीट बसवली. नाझिया पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. थोड्या वेळानं डॉक्टर आले, नाडी बघितली आणि मान हलवली. पाशाभाई तेव्हाही डाव्या पायाचा मोजा वर ओढत होते.

येताना अँब्युलन्स यवतला थांबली. ड्रायव्हरला चहा हवा होता. त्यानं संकोचानं यांनाही विचारलं, तर पाशाभाई हो म्हणाले. ढाब्यावर उभ्यानं त्यांनी चहा घेतला, पुढ्यात आलेली भजी खाल्ली. भजी गरम आहेत एवढं त्यांना समजलं. समोरच्या आळीत बेगमचं माहेर होतं, तिथून तिचा भाऊ रडत येताना त्यांना दिसला, आणि हा माणूस उजव्या पायानं किंचित लंगडतो हे इतक्या वर्षांत आपल्या लक्षात आलं नव्हतं, असं त्यांच्या मनात आलं. नाझिया गाडीत आईजवळ बसून काचेतून बघत होती.

दफनाला सगळं दौंड लोटलं. कोंडिबा आप्पा कबरस्तानाच्या भिंतीला धरून हुंदके देत होते. पाशाभाईंनी तीन मुठी माती घातली, लोकांचे हात हातात घेतले, कुणाला पाणी हवं का ते पाहिलं. आपल्याला काहीतरी व्हायला हवं हे त्यांना कळत होतं. ते वाट बघत होते. माणसं गेली, तिसऱ्या दिवशीची जियारत झाली, तरी काही झालं नाही. चौथ्या दिवशी मुंबईहून फोन आला, की घाई नाही, पण तुमच्याशिवाय आठवड्याचे भाग अडलेत. पाशाभाई पाचव्या दिवशी गाडीत बसले. तिथं त्या दिवशीचा सीन विनोदी होता. सासरे चोरून जिलेबी खातात आणि नातू पकडतो. युनिट हसून हसून लोळलं.

तीन महिने असे गेले. घरी आले की नाझिया ताट वाढायची, ते जेवायचे. भाजीत मीठ नसलं तरी त्यांना समजायचं नाही, ती आधी चाखून मग सांगायची. रात्री झोप लागायची. सकाळी जाग यायची. वाईट स्वप्नंसुद्धा पडायची नाहीत.

मे महिन्यात सिरियलमधल्या सासूबाईंना दुसरीकडं मोठं काम मिळालं, म्हणून सासूला मारायचं ठरलं. निर्मात्यानं पाशाभाईंना खोलीत बोलावून दार लावून घेतलं. म्हणाला, आपण तिला गावी पाठवू, लेकीकडं पाठवू, तुम्हाला त्रास नको. पाशाभाई म्हणाले की गावी पाठवली तर लोकांना पटणार नाही, ती घर सोडून जाणारी बाई नाही. मरू द्या. आणि मीच लिहितो.

लिहायला त्यांना अर्धा तास लागला. साधा सीन होता. हॉस्पिटलची खोली, म्हातारा बायकोला सांगतो की घरची मांजर व्यालीय, दूधवाल्यानं भाव वाढवलाय, आणि बोलता बोलता ती जाते. दिग्दर्शक पोरसवदा होता. तो म्हणाला, "पाशाजी, हा तुम्हीच बसवा. मी मॉनिटरवर बसतो." मग पाशाभाईंनी पलंग कुठं, कॅमेरा कुठं, खिडकीतला उजेड किती, ते सगळं स्वतः सांगितलं. सासूबाईंना सांगितलं की डोळे उघडे ठेवा पण कशाकडं बघू नका.

एकाच टेकमध्ये झाला. मांजरीचं वाक्य झालं, दुधाचं झालं, आणि त्यानंतर पाशाभाई जे लिहिलं नव्हतं ते करायला लागले. ते खाली वाकले, बूट काढले, पायातले मोजे काढले, आणि सासूबाईंच्या पायांत घालायला लागले. कड दुमडली. परत दुमडली. डॉक्टर झालेला नट आत येऊन त्याचं वाक्य म्हणायचं विसरला. पाशाभाई मोजा वर ओढत राहिले, आणि ओढता ओढता त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून मेकअपमन सेटवरून उठून बाहेर गेला. कट म्हणायला कुणाला सुचलं नाही.

शेवटी पाशाभाईंनीच विचारलं, "झालं का? आवाज बरोबर आला ना?" रुमालानं तोंड पुसून त्यांनी चहा मागवला. सासूबाई अजून पलंगावर पडून रडत होत्या. पाशाभाईंनी त्यांच्या पायांतले मोजे काढून घेतले आणि आपल्या पायांत घातले. पुढचा सीन होता.

तो भाग जूनमध्ये लागला. पाशाभाई त्या संध्याकाळी दौंडलाच होते. त्यांचं काम असलं की शेजारच्या बायका बघायला यायच्या, तशा आल्या. नाझिया आत चहा करत होती. शेजारच्या सरूबाईंनी मांजरीच्या वाक्यालाच डोळ्याला पदर लावला. नाझिया कपांचा ट्रे घेऊन दारात आली तेव्हा पडद्यावर पाशाभाई बूट काढत होते. ती तशीच उभी राहिली. मोजे निघाले, पायांत गेले, कड दुमडली गेली. तिनं ट्रे खाली ठेवला, आत गेली आणि दार लोटून घेतलं. बायकांना वाटलं, पोरीला आईची आठवण आली. सरूबाईंनीच चहा वाटला.

सगळ्या गेल्यावर ती बाहेर आली. पाशाभाई रिकामे कप गोळा करत होते.

"ते मोजे," ती म्हणाली.

"कसले मोजे?"

"अम्मीच्या पायांत घातले होते ते. तसेच दुमडून."

पाशाभाई कप हातात धरून उभे राहिले. त्यांना खरंच आत्ता दिसलं. सेटवर हात आपसूक गेले होते, आणि हात कुठून काय आणतात ते विचारायची सवय नटाला नसते.

"माझ्या ध्यानात न्हाई आलं," ते म्हणाले.

"अम्मी गेली तवा तुमच्या डोळ्यांत टिपूस न्हवतं. यवतला तुम्ही भजी खाल्ली. मी काही बोलले न्हाई. म्हटलं, माणूस सुन्न झालाय, कधीतरी रडेल, तवा आपण जवळ असावं. मी वाट बघत होते, अब्बा. आन् तुम्ही तिकडं जाऊन रडलात."

"ते रडणं न्हवतं."

"मग काय व्हतं?"

"काम व्हतं."

शाळेत पोरांशी शुद्ध बोलणारी नाझिया घरी, रागात, आईसारखी बोलायची. ती म्हणाली, "मग आमच्या वाट्याला काय ठेवलंत?"

पाशाभाईंनी कप मोरीत नेऊन ठेवले आणि विसळायला घेतले. नाझियाचं म्हणणं बरोबर आहे हे त्यांना समजत होतं, जसं एखादं गणित बरोबर आहे हे समजावं. पण त्यानं आत काही हललं नाही. पाणी गार आहे, कपाला चीर गेलीय, एवढंच कळत होतं.

त्यानंतर नाझिया त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागली. जेवण वाढायची, औषधाची आठवण करायची, टीव्ही लागला की उठून जायची. त्याच सीनला पुढच्या वर्षी एका संस्थेनं पुरस्कार दिला. कार्यक्रमाच्या आधी आयोजक हळूच म्हणाले, वहिनींबद्दल दोन शब्द बोललात तर लोकांना भिडेल. पाशाभाईंनी नाही म्हटलं. स्टेजवर त्यांनी कॅमेरामनचे, मेकअपमनचे आभार मानले आणि खाली उतरले. बेगमचं नाव काढलं नाही. हे नाझियाला कळलं की नाही कुणास ठाऊक. त्यांनी तिला सांगितलं नाही.

मग मरणाचीच कामं यायला लागली. जो तो त्यांना बायकोच्या नाहीतर मुलाच्या उशाशी बसवायला बघायचा. पाशाभाईंनी ती केली, आणि चांगली केली. कुठं किती थांबायचं, आवाज कधी फोडायचा, ते आता त्यांना झोपेतही जमलं असतं. पेपरात त्यांच्या संयमाबद्दल छापून आलं. एका दिग्दर्शकानं लाडीगोडी लावली, "पाशाजी, ते मोज्यांचं करा ना इथं." पाशाभाईंनी पाय पुढं करून दाखवला. पायात चप्पल होती. त्या जूनपासून त्यांनी बूटमोजे घालणं सोडलं होतं.

दोन हजार तीनला नाझियाचं लग्न शिरूरच्या इम्रानशी झालं. इम्रान सणसवाडीच्या एका कंपनीत सुपरवायझर होता, बोलका आणि मनानं मोकळा. बाप-लेकीत काहीतरी आहे हे त्यानं आठवड्यात ओळखलं, पण विचारलं नाही. तो आपला सासऱ्यांना फोन करायचा, सणाला घेऊन जायचा. पाशाभाई जायचे, बसायचे. नाझिया चहा द्यायची.

पंचवीस-तीस वर्षं नाटक करणाऱ्या माणसानं आता सात-आठ वर्षांत एकही ओळ नाटकाची लिहिली नव्हती. आप्पा आता निवृत्त झाले होते, गुडघ्यानं अधू झाले होते. भेटले की म्हणायचे, "लिव्हा काहीतरी. माझे हातपाय चालतायत तवर." पाशाभाई बरं म्हणायचे. कागद पुढं घ्यायचे. जे लिहायचे ते आधीच कुठंतरी करून झालेलं वाटायचं.

एकदा इम्राननं त्यांना मोटरसायकलवरून सणसवाडीला नेलं, आपली कंपनी दाखवायला. येताना तो एका चाळवजा इमारतीपाशी थांबला. त्याच्या हाताखालचा एक माणूस कामावर आला नव्हता. खोलीत एकच खाट होती. इम्राननं सांगितलं, या खाटेवर तीन माणसं राहतात. एक पहिल्या पाळीचा, एक दुसऱ्या, एक तिसऱ्या. एक उठून जातो तेव्हा दुसरा आलेला नसतो. वर्ष झालं तरी तिघांनी एकमेकांची तोंडं पाहिली नाहीत. आत्ता झोपलेला माणूस बिहारचा होता. आधीचा कुठंय विचारलं तर तो उशीकडं बोट दाखवून म्हणाला, "पता नहीं साहब. तीन दिन से तकिये में उसके तेल की बास नहीं है."

पाशाभाई गाडीवर मागं बसून शिरूरपर्यंत तेच वाक्य पुटपुटत राहिले. इम्रानला वाटलं, ऊन लागलं असेल.

त्या पावसाळ्यात त्यांनी मुंबईची दोन कामं सोडली आणि नाटक लिहिलं. तीन माणसं, एक खाट. एकजण यायचा बंद होतो आणि उरलेल्या दोघांना कळत नाही की त्याच्या घरी काय कळवायचं, कारण नावच माहीत नाही. नट म्हणून त्यांनी कंपनीतलीच माणसं घेतली, एक लातूरकडचा, एक बिहारचा, एक जवळच्याच न्हावरे गावचा. इम्रान पाळ्या बदलून द्यायचा, तालीम शिरूरला व्हायची. पाशाभाईंनी स्वतः काम घेतलं नाही. आप्पा पाटसहून एस.टी.नं यायचे आणि खुर्चीत बसून वाक्यं द्यायचे. न्हावऱ्याच्या नटानं एकदा विचारलं की इथं मी रडू का. पाशाभाई म्हणाले, "न्हाई. चादर झटक आन् घडी कर."

दोन हजार सहाच्या जानेवारीत शिरूरच्या एका मंगल कार्यालयात प्रयोग झाला. कामगार आले होते, त्यांच्या बायका आल्या होत्या, गावातली थोडी माणसं होती. सगळ्यात मागं, दाराजवळ, नाझिया लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. येणार म्हणून तिनं सांगितलं नव्हतं. पाशाभाईंनी पडद्याच्या फटीतून तिला पाहिलं आणि आप्पांना सांगितलं, "नाझिया आलीय." आप्पा म्हणाले, "येऊ दे की. दिव्याकडं बघा."

प्रयोग संपल्यावर माणसं उठायला तयार होईनात. बिहारच्या नटाभोवती त्याच्या गाववाल्यांनी गर्दी केली होती. पाशाभाई मागच्या पायऱ्यांवर येऊन बसले. थोड्या वेळानं नाझिया तिथं आली. लेकरू झोपलं होतं, ते तिनं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि दोन पायऱ्या वर बसली.

"दुसरा अंक लांबलाय," ती म्हणाली.

"कुठं?"

"तो चिठ्ठी लिहितो तिथं. कळलेलं असतं आपल्याला. तरी तो लिहीतच राहतो."

पाशाभाईंनी मान डोलावली. आतून खुर्च्या ओढल्याचे आवाज येत होते. आपल्याला आत्ता बरं वाटतंय का, हे त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं. नक्की सांगता आलं नाही. लेकराच्या पायातला एक बूट निसटून पायरीवर पडला होता, तो त्यांनी उचलून नाझियाच्या हातात दिला.

"जेवायला घरी येताय ना? इम्रान मटण घेऊन गेलेत," ती म्हणाली.

"आवरून येतो. आप्पांना घेऊन येऊ?"

"घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सकाळी नटांना बोलावून पाशाभाईंनी चिठ्ठीचं अख्खं पान काढून टाकलं. न्हावऱ्याचा नट नाराज झाला, कारण ते त्याचं मोठं वाक्य होतं. पाशाभाईंनी त्याला समजावलं, आणि तालीम पहिल्यापासून सुरू केली.